प्रतिसाद: मेंदू आधी की मत आधी?

मेंदूतला अमिग्डाला (भीती, धोका टिपणारा भाग) मोठा म्हणून माणूस परंपरावादी, असं जे म्हटलं जातं ते जरा घाईचं वाटतंय. मूळ अभ्यास २०११ चा, लंडनमधल्या ९० तरुण मुलामुलींचे एमआरआय काढून केलेला. त्यात परंपरावाद्यांचा उजवा अमिग्डाला थोडा मोठा आणि उदारमतवाद्यांचा अँटीरियर सिंग्युलेट नावाचा मेंदूचाच दुसरा भाग मोठा असं दिसलं, पण २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या ९२८ जणांवर तेच तपासलं तर सिंग्युलेटचं काही जुळलंच नाही, अमिग्डालाचा फरक मात्र उरला, तोही तिळाएवढा! बरं, मेंदूमुळे मत की मतामुळे मेंदू हे त्यातून कळतच नाही, लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा रस्ते पाठ करून करून हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या आठवणी-रस्ते सांभाळणाऱ्या जागेचा) एक भाग वाढला होता ना, तसंच.

आणि परंपरावादी म्हणायचं तरी कुणाला? आमच्याकडे मालवणात बाबा आणि काका, एकाच आईची लेकरं. बाबा आयुष्यभर लाल बावट्याचे, पण रापण (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं पारंपरिक जाळं) सोडून दुसरी मासेमारी म्हटली की भडकतात, घरावरची कौलं काढून स्लॅब टाकूया म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत. काका देवदेवस्की, देवाला गाऱ्हाणं, सगळं पाळणारे, देवाचा कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही, आणि वाडीत पर्ससीनसाठी (यांत्रिक बोटीवरच्या मोठ्या जाळ्यासाठी) कर्ज पहिलं त्यांनीच काढलं. चतुर्थीला दोघं एकाच पाटावरच्या गणपतीसमोर बसून भांडतात, आई मध्ये उकडीचे मोदक आणून ठेवते तेव्हा कुठे गप्प. आता यातला कुठला मेंदू स्कॅनरमध्ये घालायचा ते सांगा :)