स्थळ नाकारलं, कारण मुलाच्या आत्याला क्रोन्स (आतड्याचा जुनाट दाहाचा आजार)

कर्वेनगरची नंदा: परागकाकांची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. "मुलगा हिंजवडीत, सगळं पसंत, पण आत्याला क्रोन्स निघाला म्हणून नकार कळवला. यापुढे पत्रिकेबरोबर जीन टेस्टचा रिपोर्टही मागणार." कुठल्या जीनचा हो काका? आयबीडीशी, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या आजारांशी, संबंधित दोनशेहून जास्त जागा आपल्या जनुकसंचात सापडल्यात, एकेकीचा वाटा चिमूटभर. सगळ्यात गाजलेला जीन नॉड२, २००१ चा शोध. त्यातले ते तीन प्रसिद्ध बदल भारतीयांत जवळपास सापडतच नाहीत. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ येईल आणि आजार व्हायचा तर होईलच. अहो, हुबेहूब जुळ्यांतही एकाला क्रोन्स असला तरी दुसऱ्याला बहुतेकदा होत नाही. आणि तुम्ही आत्यावर अडलात!

पराग, सदाशिव पेठ: गूगल वाचून शिकवू नका. जवळच्या नात्यात असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो, ते बरं सोयीने गाळलंत. माझ्या सख्ख्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. रात्रीबेरात्री रक्त, स्टेरॉइडने सुजलेला चेहरा, नोकरी गेली. मुलीच्या बापाने सावध राहणं गुन्हा आहे का?

औंधकर: जीन राहू द्या. माझ्या मेहुण्याला क्रोन्स होता आणि डॉक्टरांनी आतड्याचा टीबी म्हणून एकेटीचा (टीबीच्या औषधांचा) अख्खा कोर्स गिळायला लावला. लिव्हर बिघडलं, आजार तिथेच. त्यावर बोला कोणीतरी.

वारज्याची लॅबवाली: बोलते. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच दोघांचाही मुक्काम. कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने आतडं बघताना) सारखे दिसतात, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या बारीक गाठी, दोन्हींत, टीबीचे जंतू तुकड्यात सापडतीलच असं नाही. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी एकेटी, मग दोन-तीन महिन्यांनी परत स्कोप.

औंधकर: मधली स्कोप केलीच नाही! "कोर्स संपू द्या", बस.

वारज्याची लॅबवाली: मग चूक त्या डॉक्टरची, पद्धतीची नाही.

औंधकर: आणि लिव्हर कोणाचं? पद्धतीचं?

चिंचवडचा बंड्या: तर्री बंद करा, कुटजारिष्ट घ्या. पणजोबांना कुठे होता कोलायटिस?

कर्वेनगरची नंदा: पणजोबांची कोलोनोस्कोपी कोणी केली होती? राहणीमानाचा हात आहे, मान्य. इंग्लंडात लेस्टरला स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांत कोलायटिस तिथल्या गोऱ्यांपेक्षाही जास्त आढळला. जीन तर इथूनच नेलेले. पण मिसळीवर खापर नको.

आणि काका, जीन टेस्टची एवढी हौस असेल तर भावाची करा, एनयूडीटी१५ या जीनची, अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्याआधी. ज्यामुळे हे औषध सोसत नाही तो त्या जीनमधला बदल आपल्याकडे युरोपपेक्षा बराच जास्त आहे. माझ्या बहिणीची कोणी केली नाही. पांढऱ्या पेशी कोसळल्या, केस पुंजक्यांनी हातात आले, आयसीयू झालं.

पराग, सदाशिव पेठ: हे भावाला सांगतो. आत्याचंही सोडलं, जा. पण आई-बाप दोघांनाही असेल तर?

कर्वेनगरची नंदा: तर धोका खरोखर मोठा, तीसेक टक्क्यांपर्यंत सांगतात. पण इथे आत्या होती. तुमचा भाऊ तुमच्या मुलीचा सख्खा काका, म्हणजे नातं तेवढंच जवळचं. तिच्या बायोडेटात लिहिलंय का ते?

पराग, सदाशिव पेठ: तो आमचा घरगुती प्रश्न आहे.

औंधकर: एकेटीच्या गोळ्यांचे पैसेही परत मिळाले नाहीत, ते वेगळंच.