प्रति: ४२ आणि ३८ ची बेरीज ४२३८ का येते?
भाऊ, दोघींनी वेचलेला कापूस, ४२ आणि ३८ किलो, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मिळवला तर ४२३८ येतात म्हणता. वर कोणीतरी पायथन परत इन्स्टॉल करायला सांगितलंय, त्या फंदात पडू नका. 'इनपुट' (टाइप केलेलं वाचणारी आज्ञा) जे घेतं ते कायम स्ट्रिंगच, म्हणजे नुसता मजकूर, असतं आणि दोन स्ट्रिंगमध्ये अधिक चिन्ह टाकलं की त्या एकापुढे एक चिकटतात. म्हणून अख्खं 'इनपुट' 'इंट'च्या (मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या आज्ञेच्या) कंसात घ्या, ८० येतील. पण काटा कधी ना कधी साडेबेचाळीस दाखवणारच, अन् 'इंट' तिथे व्हॅल्यूएरर (किंमत चालत नाही अशी एरर) देतं. तेव्हा सरळ 'फ्लोट'च वापरा, त्याला अपूर्णांकही चालतो.

मजुरी काढताना जास्त जपा. '४२' स्ट्रिंग राहिली आणि प्रोग्राममध्ये दर ३ लिहून गुणलं, तर एरर न देता ४२४२४२ छापून मोकळं!

तुम्ही ज्या व्हिडिओवरून शिकताय त्यात बेरीज बरोबर येते, कारण तो पायथन २ चा आहे (प्रिंटला कंस नाहीत, बघा). तिथलं 'इनपुट' आकड्याला आकडाच ठेवायचं. पायथन २ चा सपोर्ट २०२० मध्येच संपला, दुसरा व्हिडिओ शोधा.

आणि हो, आकडे मराठीत टाइप केले तरी 'फ्लोट'ला चालतात. मागे 'किलो' तेवढं लिहू नका.