ग्रीक खापरांवरचा काळा रंग आणि तेरची काळी-तांबडी खापरे

प्रश्न (तेर, धाराशिव) : आमच्या पांढरीवर (जुन्या वस्तीच्या टेकाडावर) पावसाळ्यानंतर खापरे उघडी पडतात. परवा दिसलेला तुकडा आतून काळाभोर, बाहेरून तांबडा होता. अथेन्सच्या उत्खननांतील चित्रित खापरांवरही हेच दोन रंग दिसतात. तर दोन्हींची भाजणी एकच होती का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : नाही. आपल्याकडे भांडी उपडी ठेवून भाजत, त्यामुळे हवा न मिळालेला आतला भाग काळा पडे. ग्रीक कुंभार मात्र लोहयुक्त मातीचा अतिशय बारीक गाळ ब्रशाने लावत आणि एकाच भाजणीत आधी हवा देत, मग ती कोंडून सारे भांडे काळे होऊ देत व शेवटी पुन्हा हवा सोडत, तेव्हा उघडी माती तांबडी होई, पण काचेसारखा घट्ट झालेला गाळ काळाच राही. इ.स.पू. ५३०च्या सुमारास त्यांनी आकृती तांबड्या ठेवून पार्श्वभूमी काळी करण्यास सुरुवात केली. तेरची सातवाहनकालीन खापरे त्यानंतर काही शतकांनी आली.

उत्तर (पैठण) : आमच्या घरी आवा (मडकी भाजण्याची भट्टी) लागतो. धूर कोंडला की मडके काळे पडते, हे लहानपणापासून पाहिले आहे. पण एकाच भांड्यावर नखाएवढ्या जागेत दोन्ही रंग राखणे, हे हात जोडावे असे कसब आहे.

उत्तर (लातूर) : ताई, कृपया तो तुकडा उचलू नका. जागेवरच छायाचित्र घेऊन पुरातत्त्व विभागाला कळवा, कारण कोणत्या थरात सापडला हे हरवले, तर त्याचा काळ ठरवणे फार अवघड होते.