काजव्यांचे फोटो: कॅमेऱ्याचे दिवे कसे बंद करायचे?

मुलुंडकर:
पावसाच्या तोंडावर राजमाचीला काजवे बघायला जातोय. कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स ३५ मिमीची. रात्री गच्चीवर चाचणी घेतली. शटर अर्धं दाबलं की पुढचा दिवा भसकन पेटतो, फोटो निघाला की मागे कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकतो. हे मेनूतून बंद होतं का? फोटो एखादा कमी मिळाला तरी चालेल, काजव्यांना त्रास नको.

रानवाटा:
विचारलंत हे फार बरं केलंत. नर उडताना चमकून खूण देतो, झुडपातली मादी तिला उत्तर देते, त्यावरच त्यांची जोडी जमते. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं, त्यात आपल्या दिव्यामुळे वाया गेलेली एक रात्रही मोठी असते.

तुमच्या कॅमेऱ्याला पुढे एकच दिवा आहे. ऑटोफोकसला मदत, सेल्फ-टायमर, रेड-आय (फ्लॅशमध्ये डोळे लाल दिसणं) टाळणं ही सगळी कामं तोच करतो. कस्टम सेटिंगमध्ये ऑटोफोकसच्या विभागात त्याची मदत बंद करा. तरी सेल्फ-टायमर लावला की तो लुकलुकणारच, आणि इन्फ्रारेड रिमोटने फोटो घेतला तरी क्षणभर चमकतो. म्हणून वायरवाला रिमोट घ्या किंवा कॅमेऱ्यातलाच इंटरव्हल टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेणारी सोय, वापरा.

कार्डाचा दिवा मात्र कुठल्याही मेनूतून बंद होत नाही, आणि इंटरव्हल टायमर चालू असताना तो मधूनमधून लुकलुकत राहतो. त्यावर काळी इन्सुलेशन टेप दुहेरी लावा. मुंबईत लोहार चाळीत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. पुढच्या दिव्यावरही एक तुकडा लावून टाका, म्हणजे चुकून सेटिंग बदललं तरी काळजी नाही. व्ह्यूफाइंडरही (डोळा लावायची खिडकी) झाका, लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर बराच वेळ उघडं असताना, तिथून उजेड आत शिरतो.

स्क्रीन तर या दोन्ही दिव्यांपेक्षा जास्त उजेड पाडतो. इमेज रिव्ह्यू (काढलेला फोटो लगेच स्क्रीनवर दिसणं) आणि ऑटो इन्फो डिस्प्ले (सेटिंगची माहिती आपोआप दिसणं), दोन्ही बंद. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर बघून फोटो घेणं, लावूच नका. ज्या झाडाचा फोटो हवा त्याच्यावर संधिप्रकाश असतानाच फोकस करा, मग मॅन्युअलवर टाकून रिंगला टेप मारा. लेन्सचं छिद्र एफ २.८, संवेदनशीलता आयएसओ १६००, शटर २० सेकंद यापासून सुरुवात करा आणि फ्रेम घरी संगणकावर एकत्र करा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले नको ते ठिपके काढणारी सोय) नको, प्रत्येक फोटोमागे जवळजवळ तेवढाच वेळ कॅमेरा अडकून पडतो.

मुंबईतली गच्ची चाचणीला उपयोगाची नाही, आपलं आभाळच उजळलेलं असतं. बाथरूमचा झरोका जाड चादरीने झाका, डोळे सरावू द्या आणि मग कॅमेरा चालवा. टेपच्या कडेने येणारा उजेड तिथेच कळतो.

पारसिक:
मिररलेसवाल्यांसाठी (आत आरसा नसलेले कॅमेरे) एक भर. व्ह्यूफाइंडरवरून डोळा काढला की मागचा स्क्रीन आपोआप पेटतो. डिस्प्ले ‘फक्त व्ह्यूफाइंडर’वर ठेवा. आणि हेडटॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, तीही पायवाटेपुरतीच, झाडाकडे तोंड करून नाही.

मुलुंडकर:
रिमोटचं माहीत नव्हतं, माझ्याकडे इन्फ्रारेडच आहे. तो घरीच ठेवतो. सोबत चौघं आहेत, त्यांच्या मोबाइलचं काय करावं?

रानवाटा:
निघण्याआधीच सांगा. झाडाजवळ पोचल्यावर सांगाल तोवर कुणीतरी फ्लॅश मारलेला असतो. फोन बंद करून बॅगेत, आणि स्मार्ट घड्याळं असतील तर तीही.