बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर पहिल्यांदा कधी गेला होता? आठवणी लिहा

वडगावकर: काल पोरगा दिवाळीच्या किल्ल्याला लाल माती घेऊन आला, म्हणतोय "पप्पा, राजहंसगड करूया." रात्रभर आजोबाच डोळ्यांसमोर. चौथीत होतो. वरपर्यंत गाडी जात नव्हती, पायथ्याला सायकल ठेवून चढलो. सिद्धेश्वराच्या उंबऱ्याला हात लावून आजोबांनी टॉवेलातली भाकरी सोडली, चटणीचं तेल टॉवेलभर पसरलेलं. मग तटावर उभं करून येळ्ळूरचं शिवार दाखवलं. भात फुलोऱ्यात होतं. म्हणाले, इथवर बासमतीचा वास येतो. मला आला. तुम्हीही लिहा.

शिवारातला: येतो की ओ, खरंच येतो! वारं फिरलं पाहिजे फक्त. आमच्यात आता घरापुरताच बासमती लावतोय.

खानापूरची सून: 2023 च्या मार्चमध्ये महाराजांचा पुतळा झाला, त्यानंतर सासूबाईंना नेलं. गुडघे दुखतात, पण आता गाडी वर जाते. पुतळ्यापुढं त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. कुकर झाला, नंतर लिहिते.

शिनोळीकर: पारगडाचं लिहिलं तर चालेल ना? तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर, पण आमचा बाजार, दवाखाना सगळा बेळगावातच. तानाजींचे पुत्र रायबा तिथले किल्लेदार. मालुसऱ्यांचे वंशज अजून गडावर राहतात. भवानीचं दर्शन घेऊन निघालो तर एका आजींनी हाक मारून तांब्याभर पाणी दिलं, वर गुळाचा खडा. कुठले, कुणाचे, सगळं विचारलं. तो गूळ अजून जिभेवर आहे.

अनगोळ१२: रस्ता कसा आहे ओ? आईला न्यायचंय.

शिनोळीकर: पाटणे फाट्यावरून इसापूर. भर पावसात नको, धुक्यात वळणं दिसत नाहीत.

हुक्केरीकर: संकेश्वरजवळ आमचा वल्लभगडपण आहे, कुणी नावच घेईना! या एकदा, जेवायला घरी या.

खानापूरची सून: आले परत. गेल्या खेपेला तटाच्या कडेला चिप्सच्या पिशव्या बघून जीव तुटला. मी आणि नणंदेनं पोतं भरून खाली आणलं. जाताना एक रिकामी पिशवी ठेवा, एवढं करा.

शिवारातला: ताई, पुढच्या रविवारी आम्ही चौघं येतो. पोती आणतो.

वडगावकर: मीपण, पोराला घेऊन. आज बुरुजावर मोहरी पेरली. मातीचे मावळे कुठं चांगले मिळतात?

अनगोळ१२: गणपत गल्लीत बघा. सकाळी लवकर जा, नंतर पाय ठेवायला जागा नसते.