आवाज येतो, पण चित्र अडकतं
ताई, लग्नाचा व्हिडिओ मोबाईलवर नीट दिसतो आणि जुन्या कॉम्प्युटरवर आवाज चालू राहून चित्र अडकतं, म्हणजे फाईल बहुधा खराब नाही. तुमच्या प्रश्नावर काहींनी कोडेक पॅक टाकायला सांगितलंय (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची आणि पुन्हा उलगडायची पद्धत, पॅक म्हणजे अशा कोडेकांचा संच). कृपया नको, अनोळखी साइटवरच्या पॅकसोबत नको ते प्रोग्रॅमही येतात.

आधी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाईल लावून कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा. कोडेकपुढे एचईव्हीसी किंवा एच.२६५ (एकाच कोडेकची दोन नावं) दिसलं तर कारण बहुधा सापडलं. इंटेलच्या सहाव्या पिढीआधीच्या (२०१५) प्रोसेसरांत ते उलगडायची पूर्ण सोय नाही, म्हणून बराचसा भार सीपीयूवर, म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या सर्वसाधारण कामावर पडतो आणि चित्र अडकतं. फाईलचा प्रकार एमओव्हीचा नुसता एमपी४ करून फरक पडणार नाही. डबा बदलला तरी आतला माल तोच.

व्हिडिओ दुसऱ्या कोडेकमध्ये बदलायला हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम घ्या. एन्कोडरमध्ये एच.२६४ हा जुन्या कॉम्प्युटरला झेपणारा कोडेक निवडा, आरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) २० ते २२ ठेवा. आकडा लहान तितका दर्जा चांगला, पण फाईल मोठी. जुन्या मशिनला बराच वेळ लागेल, रात्री लावून ठेवा. मूळ फाईल मात्र अजिबात पुसू नका, रूपांतरात थोडा दर्जा जातोच.

फोन आयफोन असेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. पुढचे नेहमीचे व्हिडिओ एच.२६४ मध्येच येतील.