विषय: पॉलिसी परत करायची असेल तर सहा दिवस उरलेत

मंडळींनो, गेल्या आठवड्यातला हा पत्रव्यवहार सगळ्यांच्या उपयोगाचा आहे म्हणून एकत्र करून पाठवते आहे. घरातले आकडे आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्यांना विचारून नावं काढली आहेत.
– कार्यवाह

*

मिल्टनहून, मंगळवार, 23 सप्टेंबर 2025

सप्रेम नमस्कार,

आम्ही नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याहून इथे कॅनडात आलो. मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी. यांचा पगार वर्षाला 78 हजार डॉलर, माझा 61 हजार. तीन वर्षं काटकसर करून 41 हजार डॉलर साठले आहेत आणि ते सगळे चेकिंग खात्यात नुसते पडून आहेत. पुण्यात सिंहगड रोडला यांच्या नावावर फ्लॅट आहे. निघेपर्यंत आम्ही तिथेच राहत होतो, आता तो भाड्याने दिलाय. शिवाय भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात 12 लाख रुपयांची मुदत ठेव आहे.

गणपतीत ओळखीतले एक जण घरी आले होते. ते विम्याचं काम करतात. त्यांनी होल लाइफ, म्हणजे आयुष्यभराच्या विम्याची पॉलिसी सुचवली, महिना 460 डॉलर. विमाही होतो, गुंतवणूकही होते आणि म्हातारपणी करमुक्त पैसे मिळतात, असं म्हणाले. माणूस आपला, मराठी बोलणारा, दोनदा जेवून गेलेला. आम्ही सही केली. परवा शुक्रवारी, 19 तारखेला, पॉलिसी हातात आली. पहिल्याच पानावर लिहिलंय की मिळाल्यापासून 10 दिवसांत परत करता येते. ते वाचल्यापासून मला झोप नाही.

टीएफएसएमध्ये, म्हणजे इथल्या करमुक्त बचत खात्यात, प्रत्येकी 1 लाख 2 हजार डॉलर टाकता येतात, तेही मीच उघडून देतो, असंही ते म्हणाले. यांच्या ऑफिसात ग्रुप आरआरएसपी (निवृत्तीसाठीचं बचत खातं) आहे, त्यात कंपनी 4 टक्के घालते म्हणे, पण तो फॉर्म भरायचा राहूनच गेलाय.

आम्हाला यातलं काही कळत नाही. कुणाला विचारावं तेही कळत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

*

मिसिसागाहून, मंगळवार रात्री

वयाने माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून एकेरी लिहितो. मी काही सल्लागार नाही. 1998 मध्ये इथे आलेला इंजिनिअर आहे, आता निवृत्त. पण या बाबतीत मी स्वतः पोळलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ती पॉलिसी. निळ्या किंवा पांढऱ्या फोल्डरमध्ये एक तक्ता असेल. डावीकडे वर्ष, मग भरलेला हप्ता, मग रोख मूल्याचे, म्हणजे पॉलिसी मोडली तर हातात येणाऱ्या रकमेचे, दोन रकाने: एक हमीचा, एक बिनहमीचा. बिनहमीच्या रकान्यावर हात ठेव, तो झाकून टाक. हमीच्या रकान्यात पहिली पाच वर्षं काय लिहिलंय ते बघ आणि मला कळव. तुझ्या घरी आलेल्या माणसाने बहुधा दुसऱ्याच रकान्यातलं तिसाव्या वर्षाचं मूल्य दाखवलं असेल.

तुम्हाला विमा हवाच. मुलगी लहान आहे, दोघं कमावते आहात. पण तुमच्या वयाला आणि प्रकृतीला 20 वर्षांचा टर्म विमा (ठरावीक मुदतीचा, नुसता विमा), प्रत्येकी 5 लाख डॉलरचा, दोघांचा मिळून महिन्याला शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याच्या आत मिळायला हवा. होल लाइफ सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. ज्यांची बाकीची सगळी खाती भरून झाली आहेत आणि मागे मोठी मालमत्ता ठेवायची आहे, त्यांना ती कामाची. तुमचं तर अजून एकही खातं उघडलेलं नाही. त्या गृहस्थांना सरळ विचार, 'या पॉलिसीतून तुम्हाला पहिल्या वर्षी किती मिळतं?' विचारायला लाज वाटून घेऊ नकोस. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांचा मोठा हिस्सा विकणाऱ्याला जातो.

आता माझं सांगतो. 2000 पासून 2017 पर्यंत माझे सगळे पैसे म्युच्युअल फंडांत होते. तेही एका परिचितानेच लावून दिले होते, आणि मी दरवर्षी त्याला दिवाळीचा फराळ पोचवत होतो. 'काही फी नाही हो, सगळं फंडच बघतो,' असं तो म्हणायचा, आणि मी ते खरं मानलं. 2016 पासून इथे नियम बदलला. तुमच्याकडून विक्रेत्या कंपनीला वर्षभरात किती मिळालं, ते डॉलरमध्ये छापून पाठवायचं. 2017 च्या सुरुवातीला पहिल्यांदा तो कागद आला. माझ्या 1 लाख 80 हजारांवर त्या वर्षी त्यांना 1,800 गेले होते. मी डायनिंग टेबलावर तो कागद तीनदा वाचला. मग फंडाची माहितीपत्रकं काढली, तेव्हा कळलं की हे 1,800 तर नुसतं विक्रेत्याला दरवर्षी मिळणारं ट्रेलर कमिशन, एक टक्का. एकूण खर्चाचा दर, ज्याला एमईआर म्हणतात, तो 2.3 टक्के होता. म्हणजे वर्षाला चार हजारांवर. बाजार चढो की पडो.

बाहेर पडायला गेलो तर नव्या युनिटांवर सुटण्याचा दंड. तो प्रकार, डीएससी म्हणतात त्याला, 1 जून 2022 पासून म्युच्युअल फंडांत बंद केलाय. तेव्हा चालू होता. मी दंड भरला आणि निघालो.

दोन टक्के ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणून हिशेब करून दाखवतो. महिना 500 डॉलर, 25 वर्षं. हातात 6 टक्के पडले तर सुमारे 3 लाख 46 हजार होतात. खर्चापोटी दोन टक्के गेले आणि हातात 4 पडले तर 2 लाख 57 हजार. 89 हजारांचा फरक. तू घातलेले असतील दीड लाख. 6 टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही, नमुन्यादाखल धरलेत. पण बाजार काय देईल ते आपल्या हातात नाही, खर्च किती जाऊ द्यायचा ते आहे.

आता तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते शेवटी लिहिलेलं. ग्रुप आरआरएसपीचा फॉर्म! 78 हजारांचे 4 टक्के म्हणजे वर्षाला 3,120 डॉलर. तुम्ही तेवढेच घालायचे, कंपनी तेवढेच घालणार. पहिल्याच दिवशी दुप्पट. अशी गुंतवणूक मला आजवर दुसरी कुणी दाखवलेली नाही. उद्या सकाळी त्याला एचआरला मेल करायला लाव. आरआरएसपीची मर्यादा आदल्या वर्षीच्या कमाईच्या 18 टक्के असते, त्यात हे आरामात बसतं.

टीएफएसएचा आकडा मात्र तुम्हाला साफ चुकीचा सांगितलाय, आणि ही चूक महागात पडली असती. 1 लाख 2 हजार हे 2009 मध्ये जे इथे होते आणि 18 वर्षांचे होते त्यांच्यासाठी. तुमची मर्यादा तुम्ही इथले रहिवासी झालात त्या वर्षापासून सुरू होते. नोव्हेंबरात आलात तरी 2022 चे पूर्ण 6,000 मिळतात. मग 2023 चे 6,500, 2024 चे 7,000, या वर्षीचे 7,000. एकूण 26,500, प्रत्येकी. त्यावर एक डॉलर जास्त गेला तरी जास्तीच्या रकमेवर महिन्याला एक टक्का दंड. आणि पैसे काढले तर तेवढी जागा त्याच वर्षी परत मिळत नाही, पुढच्या 1 जानेवारीला मिळते. यात पुष्कळ जण फसतात.

घर घ्यायचा विचार असेल तर कुणीतरी एफएचएसए, म्हणजे पहिल्या घरासाठीचं बचत खातं, सांगेल. वर्षाला 8 हजार, एकूण 40 हजार, आत टाकताना करात सूट आणि घरासाठी काढताना कर नाही. फारच चांगलं खातं आहे. पण थांब. चालू वर्षात आणि मागच्या चार कॅलेंडर वर्षांत स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या मालकीच्या घरात राहिलेलं चालत नाही, आणि ते घर भारतात असलं तरी ते धरतात. तुम्ही 2022 मध्ये सिंहगड रोडला राहत होता. म्हणजे तुम्हा दोघांना ते 2027 च्या जानेवारीत उघडता येईल. कॅलेंडरवर लिहून ठेव.

त्याच फ्लॅटवरून आणखी एक गोष्ट. परदेशातल्या मालमत्तेची किंमत 1 लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर टी-1135 नावाचा फॉर्म दरवर्षी भरावा लागतो. तुम्ही इथे आलात त्या दिवशीचा बाजारभाव धरायचा. स्वतःच्या वापरातलं घर यात येत नाही, भाड्याने दिलेलं येतं. पहिल्या वर्षी सूट असते, 2023 पासून नाही. फॉर्म चुकला तर दिवसाला 25 डॉलर, 2,500 पर्यंत. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, इथे नाही. ते आणि भाडं, दोन्ही इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. भाड्यावर भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. राहिलं असेल तर सीआरएचं (इथल्या करखात्याचं) पत्र यायच्या आत स्वतःहून दुरुस्त करा. यासाठी भारतीय मालमत्तेचं काम केलेला अकाउंटंट गाठा, तिथे पैसे वाचवू नका.

मग ते 41 हजार कशात घालायचे? दोन-तीन वर्षांत घर घेणार असाल तर शेअर बाजारात अजिबात नको. टीएफएसए हा डबा आहे, त्यात काय ठेवायचं ते आपण ठरवायचं. त्यात जीआयसी, म्हणजे इथली मुदत ठेवसुद्धा ठेवता येते. पंधरा-वीस वर्षं लागणार नसलेले पैसे असतील, तर सगळ्या जगाचे शेअर एकत्र घेणारा एकच ईटीएफ, म्हणजे शेअरसारखाच बाजारात विकत घेता येणारा फंड. व्हीइक्यूटी, एक्सइक्यूटी असे आहेत, खर्च पाव टक्क्याच्या आत. चढउतार सोसत नसेल तर रोखे मिसळलेले व्हीबीएएल वगैरे. (ईटीएफ ही कल्पना पहिल्यांदा नीट चालली तीही इथेच, टोरांटोच्या शेअर बाजारात, मार्च 1990 मध्ये. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.)

सगळं जग का, फक्त कॅनडा का नको? 2000 साली टोरांटोच्या 300 कंपन्यांच्या निर्देशांकात एकट्या नॉर्टेलचं वजन एक तृतीयांशाच्या वर गेलं होतं. जानेवारी 2009 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली.

पॉलिसीचं उत्तर लवकर दे. रद्द करायची तर लेखी करायची, तारखेसकट, थेट विमा कंपनीला. फोनवर नाही. फोनवर मन वळवतात.

*

ओकव्हिलहून, बुधवार, 24 सप्टेंबर

काकांनी मुलीचं लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. आरईएसपी, म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठीचं बचत खातं, उघडा. वर्षाला 2,500 घातले की सरकार 500 घालतं, एका मुलामागे एकूण 7,200 पर्यंत. तिचा सिन नंबर (इथला सरकारी क्रमांक) काढला नसेल तर आधी तो काढा.

पण ग्रुप प्लॅन, म्हणजे अनेक कुटुंबांचे पैसे एकत्र ठेवणारं आरईएसपी, घेऊ नका, साधं घ्या. लेक सहा महिन्यांची असताना आमच्या दारात एक बाई आल्या. मी बाळंतपणाच्या रजेवर, एकटी, आणि त्या इतकं प्रेमाने बोलल्या. मी सही केली. पुढे ह्यांची नोकरी गेली आणि हप्ते थांबवावे लागले, तेव्हा कळलं की सुरुवातीचे माझे बरेचसे पैसे नावनोंदणीच्या फीमध्येच गेले होते. त्या प्लॅनमधून 60 दिवसांत पूर्ण पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी रडले होते, पैशासाठी नाही, तिच्या नावाने ठेवलेले होते म्हणून.

*

स्कारबरोहून, बुधवार

मला शेअर बाजार मानवत नाही आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. माझं सगळं जीआयसीत आहे, एका बँकेत एका प्रकारच्या खात्यात 1 लाखाच्या वर नाही, म्हणजे ठेव विम्यात बसतं. 2008 मध्ये शेजारी रडत होते तेव्हा मी शांत होतो. नवीन माणसांना एकदम ईटीएफ सांगू नये असं माझं मत आहे.

*

मिसिसागाहून, बुधवार

स्कारबरोच्या मित्रांचं म्हणणं मला मान्य आहे, पण अर्धंच. लवकर लागणाऱ्या पैशाला जीआयसीच. पण मुलगी चार वर्षांची आहे आणि हे दोघं पस्तिशीतले. जून 2022 मध्ये महागाई 8.1 टक्क्यांवर गेली होती, त्या वर्षी आदल्या वर्षीची जीआयसी काय देत होती ते आठवा. आणि 2023 मध्ये बँक ऑफ कॅनडाचा दर 5 टक्के होता तेव्हा जी ठेव केली, तिचं नूतनीकरण आता हा दर अडीचवर आल्यावर करावं लागतंय. टीएफएसएबाहेर ठेवलीत तर त्या व्याजावर पूर्ण कर. बाजार पडतो तेव्हा दिसतो, ही घसरण दिसत नाही.

ताईंचं पत्र वाचून वाईट वाटलं. आपल्याच माणसाला नाही म्हणणं जड जातं, हे विकणाऱ्यांनाही माहीत असतं.

*

मिल्टनहून, शनिवार, 27 सप्टेंबर

काका, ताई आणि सगळ्यांना,

मंगळवारी रात्रीच मुलगी झोपल्यावर आम्ही फोल्डर उघडला. उजव्या रकान्यावर वही ठेवली. हमीच्या रकान्यात पहिली पाच वर्षं शून्य आहे. तोवर आम्ही 27,600 भरलेले असणार होतो. हे त्या पानाकडे बघत बसले, मग म्हणाले, 'हे त्याने दाखवलंच नाही, की आपण बघितलं नाही?'

बुधवारी कंपनीला मेल केला, गुरुवारी रजिस्टर्ड टपालाने पत्रही पाठवलं. शुक्रवारी पोच आली आणि पहिला हप्ता परत मिळेल असं कळवलंय. त्या गृहस्थांचा फोन दोनदा आला. दुसऱ्या वेळी मीच घेतला. तुम्ही सांगितलेला प्रश्न विचारला. ते म्हणाले, 'वहिनी, असं कुणी विचारतं का?' मी म्हटलं, मी विचारतेय. त्यांनी आकडा सांगितला नाही.

ग्रुप आरआरएसपीचा फॉर्म दोन पानांचा निघाला. यांनी जेवणाच्या सुट्टीत भरला, 10 ऑक्टोबरच्या पगारापासून कापतील. अडीच वर्षं राहिला होता, म्हणजे कंपनीचे जवळजवळ आठ हजार गेले, त्याची हळहळ दोघांनाही आहे. मुलीचा सिन नंबर मागवलाय. टी-1135 साठी मंगळवारी अकाउंटंटची वेळ मिळालीय, 2023 आणि 2024 दोन्ही वर्षांचा फॉर्म राहिलाय असं त्या म्हणाल्या.

टीएफएसए उघडायला आम्हाला अजून धीर होत नाही. कुठल्या बटणाने काय होतं ते कळत नाही. काका, गुरुवारी दसरा आहे. संध्याकाळी सोनं द्यायला आम्ही तुमच्याकडे यावं का? लॅपटॉप बरोबर आणतो.